बूथ नंबर तीनमधलं एक मत

धनपाल मगदूम सरांना निवडणूक लढवायची नव्हती, त्यांना एस.टी. थांबवायची होती. एवढ्याशा कामातून माणूस जिल्हा परिषदेचा सदस्य कसा होतो, असं तुम्ही विचाराल. होतो. फक्त ऐकताना मध्येच "असं कुठं असतंय व्हय" म्हणू नका. आमच्या भागात असतंय.

हरळगे गाव हुपरी-कोल्हापूर रस्त्याला अगदी खेटून. गाड्या गावाच्या अंगावरून जातात आणि थांबतात दीड किलोमीटर पुढं, फाट्यावर. तिथं का, तर पूर्वी कुणा पुढाऱ्याचं शेत तिथं होतं. पुढारी गेला, शेत विकलं गेलं, थांबा तिथंच राहिला. सरांची बायको त्रिशला हिला गुडघ्यांच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जावं लागे. म्हणजे गुडघे बरे करायला जायचं, आणि जाता-येता तीन किलोमीटर चालून पुन्हा बिघडवून आणायचे. सरांना सायकलीशिवाय दुसरं वाहन येत नव्हतं, आणि साठी उलटलेल्या बायकोला सायकलीच्या कॅरिअरवर बसवून गावातून नेणं त्यांच्या इभ्रतीला झेपणारं नव्हतं. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस. अर्ध्या गावाचे कान त्यांच्या हातून पिरगाळले गेलेले. दर शनिवारी पोरांची नखं तपासायचे आणि वाढलेली दिसली की बोटांवर पट्टी मारायचे.

तर सरांनी अर्ज केला, की शाळेच्या कोपऱ्यावर 'विनंती थांबा' मिळावा. विनंती थांबा म्हणजे हात केला की गाडी थांबणार, नाही केला तर निघून जाणार. शेड नको, बाकडं नको, एक लोखंडी खांब आणि त्याच्यावर एक पत्रा. तीन वर्षांत सरांनी सतरा अर्ज दिले. सतराव्या अर्जाला डेपोतल्या साहेबांनी तोंड उघडलं.

"सर, लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र जोडा."

"अहो, मी एकतीस वर्षं शिक्षक होतो."

"म्हणून तर अक्षर चांगलं हाय. पण पत्र लोकप्रतिनिधीचंच लागतंय."

आमच्या भागाचे जिल्हा परिषद सदस्य म्हणजे वयोवृद्ध गृहस्थ. सर त्यांच्याकडं गेले, त्यांनी चहा पाजला, गुडघ्यांची चौकशी केली आणि "सोमवारी या, पत्र तयार ठेवतो" म्हणाले. रविवारी ते वारले. सरांना फार वाईट वाटलं. माणसाचं वाटलं की पत्राचं, हे त्यांनी स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

पोटनिवडणूक लागली. वारलेल्या सदस्यांना दोन पुतणे, पृथ्वीराज आबा आणि विश्वजित बापू. बाराव्याला दोघं एका पंगतीत शेजारी बसून एकमेकांच्या खांद्यावर रडले आणि तेराव्याला दोघांचे फलक लागले. दोन्हीवर काकांचा फोटो एकच आणि मजकूरही एकच, 'खरा वारसदार'.

आता जिनेशचं नाव घ्यायला हवं. हा सरांचा शेजारी. साखर कारखान्यात टाइमकीपर होता, निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांना सल्ले देतो. मागावे लागत नाहीत, हे त्याचं वैशिष्ट्य.

"सर, पत्रासाठी लोकांच्या दारात कशाला जाता? फॉर्म भरा," तो म्हणाला. "फॉर्म भरला की दोन्ही पार्ट्या मागं घ्या म्हणून दारात येत्यात. पाया पडत्यात. तवा म्हणायचं, आधी थांबा द्या, मग मागं घेतो. आमच्या मेव्हण्यानं असाच बोअर मारून घेतला."

सरांना हे पटायला नको होतं. पण सतरा अर्जांनंतर माणसाला काहीही पटतं. हातकणंगल्याला तहसील कचेरीसमोर कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले, तर झेरॉक्सवाला मोहित चौगुले हाच 'राष्ट्रीय लोकसुधार पक्षा'चा जिल्हाध्यक्ष निघाला. पक्षाचं कार्यालय, गोदाम आणि सभागृह म्हणजे तेच झेरॉक्सचं दुकान. पक्षाला पंधरा वर्षांत हातकणंगले तालुक्यात एक ग्रामपंचायत सदस्यसुद्धा मिळाला नव्हता.

"पक्षाकडनं उभारा की सर," मोहित म्हणाला. "उमेदवार न्हाई मिळाला तर पक्षाची नोंदणी धोक्यात येतीया. तुमचंबी काम हुईल, आमचंबी."

मग कागद सुरू झाले. त्यातला एक कागद असा, की उमेदवाराच्या घरी शौचालय आहे आणि तो ते वापरतो. ग्रामसेवक स्वतः बघायला आला. दार उघडून आत डोकावला, नळ सोडून पाहिला आणि वही काढून विचारलं, "नियमित वापर करता का?" एकतीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांना प्रश्न विचारले, त्याला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच्या अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. जिनेशनं कुंपणावरून "करत्यात, करत्यात, मी साक्षीदार हाय" असं ओरडून सांगितलं. कुठल्या अर्थानं साक्षीदार, ते ग्रामसेवकानं विचारलं नाही, हीच मेहेरबानी.

चिन्हासाठी सरांनी पाटी मागितली होती, नाहीतर पुस्तक. मिळालं नेलकटर.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी सर सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोप्यात बसले. मुदत तीन वाजेपर्यंत. त्रिशलानं चहाचं आधण ठेवून दिलं होतं, पाया पडायला येणाऱ्यांना चहा तरी द्यायला हवा. अकरा वाजले, कुणी आलं नाही. एक वाजला. पृथ्वीराज आबांची जीप गल्लीतून गेली, आत बसलेल्यांनी हात केला आणि जीप पुढं गेली. दोन वाजता जिनेश म्हणाला, "येतील की, जेवून येत असतील." आधण तीनदा आटलं. सव्वातीन वाजता त्रिशलानं पातेलं उतरवलं.

त्या दिवशी सरांना जे लागलं, ते मी तुम्हाला सांगून कळणार नाही. शत्रू म्हणूनसुद्धा कुणी मोजलं नाही. मागं घ्या म्हणायला एक कुत्रं दारात आलं नाही! सर एकदम पेटले. "आता मी लढणारच," ते म्हणाले. न लढण्याचा मार्ग सव्वातीन वाजताच बंद झाला होता, पण तेवढं कोण बघतंय.

प्रचार त्यांनी सायकलवरून केला. दारोदार जायचे, हात जोडायचे, मग सवयीनं समोरच्याचे हात धरून नखं बघायचे. लोक शाळेतल्यासारखे खाली बघून उभे राहायचे आणि "व्हय सर" म्हणायचे. सरांच्या मनात हळूहळू एक विचार शिरायला लागला. हा मान आहे. ही पोरं आपल्याला विसरलेली नाहीत. घरी ते म्हणायचे, "मी काय निवडून येणार नाही, त्रिशला. पण अनामत वाचली तरी गावानं मला मानलं असं धरीन." असं दिवसातून चार वेळा म्हणायचे, आणि पाचव्यांदा कुणी "येणार सर, तुम्हीच येणार" म्हणेल का, म्हणून थांबायचे.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, तिचा अर्थ सरांना नंतर कळला. पृथ्वीराज आबांच्या घरच्या बायका ताटात हळद आणि नारळ घेऊन गल्लीत आल्या. घराघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी विश्वजित बापूंच्या घरच्या बायका तसंच ताट घेऊन तशाच घराघरात गेल्या. दोन्ही दिवशी सरांचं एकच घर त्यांनी वगळलं. सरांना वाटलं हळदीकुंकू असेल, आणि आपल्या बायकोला मुद्दाम टाळलं म्हणून त्यांना फार राग आला. त्रिशलाला काही वाटलेलं दिसलं नाही.

पृथ्वीराज आबा मात्र एकदा स्वतः आले. सरांचा जुना विद्यार्थी, गणितात कायम नापास. सरांच्या पाया पडले, "आशीर्वाद द्या सर" म्हणाले, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन "काकी, गुडघं काय म्हणत्यात?" असं विचारत पाच मिनिटं बसले. प्रतिस्पर्ध्याचं हे सौजन्य बघून सरांना भरून आलं.

निकालाच्या दिवशी सर मोजणीच्या हॉलबाहेर जिनेश आणि मोहितबरोबर उभे होते. दोन्ही गटांनी गुलालाची पोती आणलेली. पहिल्या फेरीला पोती सुटली, दुसऱ्या फेरीला परत बांधली गेली. पाचव्या फेरीला हलगीवाले हलगी काखेत मारून झाडाखाली जाऊन बसले. 'राष्ट्रीय लोकसुधार पक्षाचे धनपाल मगदूम एकशे सव्वीस मतांनी विजयी' असं जाहीर झालं, तेव्हा मोहितनं पहिल्यांदा विचारलं, "कुठल्या पक्षाचे म्हणाले?"

सरांच्या बाजूला गुलाल नव्हता. विकत आणावा तर गावातला सगळा गुलाल दोन पुतण्यांनी उचललेला. शेवटी जिनेशनं बायकोकडनं करंडा आणून सरांच्या कपाळाला कुंकू लावलं. मिरवणुकीत चारजण होते, त्यातला एक रिक्षावाला. गल्लीत दारं उघडी होती, पण दारात कुणी नव्हतं. सर हात जोडून रिकाम्या उंबऱ्यांना नमस्कार करत घरी आले.

"संकोच आहे," ते त्रिशलाला म्हणाले. "शिक्षकापुढं लोकांना संकोच वाटतो."

नंतरचे पंधरा दिवस सर जमिनीवर नव्हते. कोल्हापूरहून पेपरवाले आले. 'छोट्या पक्षाचा मोठा धक्का' अशी बातमी आली. 'मतदार सुजाण झाला आहे, त्यानं घराणेशाही नाकारून एकतीस वर्षांच्या सेवेला कौल दिला,' हे वाक्य सरांनी तीन वेगवेगळ्या वार्ताहरांना दिलं आणि ते तिन्ही ठिकाणी छापून आलं. बूथवार आकडे मिळाले तेव्हा तर त्यांनी ते काचेखाली ठेवले. बूथ नंबर तीन, म्हणजे त्यांची स्वतःची गल्ली आणि मागची आळी, इथं नेलकटरला पाचशे सत्याऐंशी मतं, विश्वजित बापूंना शून्य, पृथ्वीराज आबांना एक.

"एक कोण असेल?" सर हसून म्हणायचे. "असू दे. लोकशाहीत एखादा पाहिजेच."

त्रिशला आत निघून जायची.

आणि मग सरांनी ते पत्र लिहिलं. सदस्याच्या कोऱ्या लेटरपॅडवरचं पहिलं पत्र. मजकूर पाठच होता, फक्त 'अर्जदार' खोडून 'शिफारसकर्ता' असं झालं. ते घेऊन सर स्वतः डेपोत गेले. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली, अभिनंदन केलं, पत्र दोनदा वाचलं.

"उत्तम. आता शिफारस झाली. फक्त एक राहिलं, सदस्यसाहेब. शिफारस करणारा आणि मागणी करणारा एकच माणूस झाला न्हवं का? ऑडिटला चालत न्हाई. गावकऱ्यांच्या पन्नास सह्या जोडा, महिन्याच्या आत खांब लावतो."

पन्नास! सरांना हसू आलं. पाचशे सत्याऐंशी खिशात असलेल्या माणसाकडं पन्नास मागतोय बिचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर कागद आणि दोन पेनं घेऊन निघाले. दोन अशासाठी, की एक संपलं तर. पहिल्या घरात चष्मा सापडेना. दुसऱ्या घरात मालक घरात नव्हते, आणि हे मालकच दाराआडून सांगत होते. तिसऱ्या घरात "हात भरल्यात पिठानं" असं उत्तर आलं. आठ घरं झाली. नवव्या घरी शालूबाई म्हशीची धार काढत बसली होती. सरांच्या घरी बावीस वर्षं दूध घालणारी बाई. तिला पळून जायला जागा नव्हती, मधे म्हैस होती.

"शालूबाई, तुम्हीसुद्धा?"

"न्हाई जमायचं सर." ती वर न बघता म्हणाली. "शपथ हाय."

"कसली शपथ?"

"भंडारा उचललाय. तुमच्या कुठल्याच कागदावर सही करायची न्हाई म्हणून. दोघं पुतणं एक झाल्यात आता, परवाच ताट फिरवलं सगळीकडं."

देवाची हळद उचलून दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत, हे सरांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं. ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आजही वाटतं.

"पण शालूबाई, तुम्ही मला मत दिलंत. मग सही द्यायला काय झालं?"

"मत बी शपथंनंच दिलं की ओ!" शालूबाईला आता राग आला. "आधी आबाच्या बायका आल्या, म्हणाल्या, भंडारा उचल, बापूला मत देणार न्हाई म्हण. उचलला. दुसऱ्या दिवशी बापूच्या बायका आल्या, म्हणाल्या, आबाला देणार न्हाई म्हण. उचलला. न्हाई कसं म्हणायचं दारात आलेल्या ताटाला? आता दोघांनाबी द्यायचं न्हाई म्हंटल्यावर मशीनवर ऱ्हायलं कोण? तुमी. देवाला फसवू व्हय मी?"

"नोटाचं बटण होतं की!"

"मत वाया घालवणार न्हाई, अशीबी शपथ व्हती. दोघांचीबी."

धार बादलीत वाजत राहिली. शालूबाईला त्यांची दया आली असावी. "तुमी काय वंगाळ माणूस न्हाईसा सर," ती म्हणाली. "पोरगं मातर अजून तुमच्या पट्टीची आठवण काढतंय."

सर तडक जिनेशकडं गेले. जिनेश अंथरुणात होता. निकालापासून त्याला ताप होता, आणि ते एक मत यानंच फोडलं, म्हणून याला भंडारा लागला, असं गल्ली म्हणत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला म्हाईत होतं," जिनेश उठून बसत म्हणाला. "पण सर, आईशपथ, ते एक मत माझं न्हाई. आपल्या गल्लीत भंडाऱ्याऐवजी नारळावर हात ठेवून शपथ घेतली, मीबी दोन्हीकडं ठेवला हात. माझं मत तुम्हालाच."

"शपथ नसती तर?"

जिनेशनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "सर, मला ताप हाय."

सर घरी आले ते काचेखालचा कागद काढून बसले. गणिताचा माणूस. पाचशे सत्याऐंशीमधून शपथेची मतं वजा करू लागले आणि उत्तर दर वेळी एकच यायला लागलं, ते म्हणजे त्यांचं स्वतःचं. एकतीस वर्षांच्या सेवेला कौल! तीन पेपरांत छापून आलं होतं ते. लोकांनी दाराआड उभं राहून ते वाचलं असेल आणि पोट धरून हसले असतील. सरांचे कान तापले. एवढी लाज त्यांना ग्रामसेवकानं नळ सोडला तेव्हाही वाटली नव्हती.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. त्रिशला सोप्यात पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत बसली. सरांनी तिला सगळं सांगितलं, शालूबाईचं, जिनेशचं, ताटांचं. तिला नवल वाटलं नाही. तिलाही माहीत होतं तर.

"सगळ्या बूथात," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला, "सगळ्या बूथात माझं सोडून एकच मत मोकळ्या मनानं पडलंय. कुणाच्या शपथेनं नाही, कुणाच्या भीतीनं नाही. स्वतः विचार करून. आणि ते पडलंय त्या गणितात नापास होणाऱ्या पृथ्वीराजला! एकदा भेटू दे मला तो माणूस. हात जोडून विचारीन, बाबा रे, मी तुझं काय वाकडं केलं?"

त्रिशलानं तेलाच्या बाटलीला बूच लावलं.

"मी दिलं," ती म्हणाली.

सरांना आधी कळलंच नाही.

"माझ्याकडं ताट आलंच न्हाई ना. उमेदवाराच्या बायकूला कशाला शपथ घालायची, म्हणून फुडं गेल्या. मी मोकळीच होते." ती गुडघ्याकडं बघत होती. "आबा घरात आलेवते त्या दिवशी म्हणाले, काकी, निवडून आलो की आठ दिवसात शाळंपाशी थांबा करतो. तुमी तर रोज म्हणत होता, मी काय येणार न्हाई. मला वाटलं, तुमचं मत तुमाला हायच. माझं एक त्याला दिलं तर थांबा तरी हुईल."

रागवायला सरांना एकही मुद्दा सापडेना. एकतीस वर्षं फळ्यावर उदाहरणं सोडवली, पण इतकं बिनचूक सोडवलेलं उदाहरण त्यांनी कुणाच्या वहीत पाहिलं नव्हतं, आणि त्या उत्तरात ते स्वतः कुठंच नव्हते. पाचशे सत्याऐंशी लोकांनी मिळून दिलं नव्हतं एवढं दुःख या एका मतानं दिलं.

"माझ्यासाठीच उभा राहिलो होतो का मी?" ते म्हणाले. "तुझ्या गुडघ्यांसाठी न्हवं?"

"सुरवातीला व्हय," त्रिशला म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घालून सोप्यात बसला, तवापासनं न्हाई."

बाहेर हुपरीहून येणारी गाडी गेली, शाळेच्या कोपऱ्यावरून, भरधाव, हॉर्न वाजवत. दोघांनी ती फाट्यावर जाऊन थांबेपर्यंत ऐकली.

त्रिशलानं हात पदराला पुसले आणि पुढं केले. "आणा तो कागद."

सरांनी दिला. पेनही दिलं. पन्नास आकडे घातलेल्या त्या कोऱ्या कागदावर तिनं एक नंबरसमोर सावकाश, प्राथमिक शाळेतल्या अक्षरात, 'त्रिशला धनपाल मगदूम' अशी सही केली. मग कागद परत केला आणि भिंतीला धरून उठली.

"उद्या साडेआठची गाडी हाय," ती म्हणाली. "साडेसातला निघाय पाहिजे. फाटा लांब हाय."